यमूचा शेवट



मंगळवारच्या वाचनात यमूचं पुढे काय झालं, असं बऱ्याच जणींनी फोन करून विचारलं. ज्यांना पुस्तक स्वतः वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण मी शेवट सांगणार आहे. बाकीच्यांनी चहा ठेवून बसा, जरा लांबणार आहे.

आमच्या देवरीत आपली घरं थोडीच. चातुर्मासात दुपारी तीन ते पाच आम्ही आठ-नऊ जणी कुणा एकीच्या घरी जमतो. पाच म्हणजे पाच, कारण सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक उरकून ताटं व्हावी लागतात. आधी स्वाध्याय, मग नाश्ता, मग तासभर गोष्टीचं पुस्तक. (नाश्त्याला पोहेच असतात. कांदा नाही, बटाटा नाही, चातुर्मास म्हणून कोथिंबीरही नाही. नुसते दाणे आणि लिंबू. नागपूरच्या तर्री-पोह्यांत वाढलेली माझी जाऊ अजूनही ते औषधासारखे खाते.) यंदा गोष्टीचं पुस्तक होतं हरी नारायण आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’. माझ्या माहेरची, कारंज्याची जुनी प्रत. पानं पिवळी पडलेली, पाठीला माझ्या वडिलांनी लावलेली कापडाची पट्टी.

ही कादंबरी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातली. आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ती तुकड्यातुकड्यानं छापली. पुस्तक 1893 साली आलं. म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही आमच्यासारखंच थांबावं लागत होतं. पुढे काय हे कळायला पुढचा अंक हवा. आमच्यातली एक मात्र थांबली नाही. तिनं मोबाइलवर शोधून शेवट आधीच वाचला आणि तीन आठवडे तोंड पाडून बसली, तेव्हाच मला शंका आली होती.

गोष्ट यमू स्वतः सांगते. पुण्याचं कर्मठ ब्राह्मण घर, धाकात ठेवणारे वडील, सोसणारी आई, जीव लावणारा भाऊ. लहानपणी लग्न. दुर्गी नावाची बालमैत्रीण, तिच्या संसाराची दैना तर वाचवत नाही. यमूचं नशीब मात्र त्या मानानं बरं निघतं. नवरा रघुनाथ शिकलेला, तिला वाचायला-लिहायला शिकवणारा. दोघं मुंबईला राहायला जातात, आणि तिथली थोडीशी वर्षं या सबंध जाड पुस्तकात उन्हासारखी पडलेली आहेत. त्या भागाला आमच्याकडे सगळ्यात जास्त हसू व्हायचं. नवऱ्यासमोर पुस्तक वाचताना यमू लाजते, तिथे आमच्यातल्या सत्तरीच्या काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

मग रघुनाथ जातो. यमू विधवा होते. आणि सासरचे शंकरमामंजी (बाहेर सोवळं आणि आत काय ते विचारू नका असा माणूस) तिचे केस जबरदस्तीनं उतरवतात. त्यानंतर ती फार जगत नाही.

वाचायची पाळी माझ्या नणंदेची होती. आमच्यात तिचं वाचन सगळ्यात स्वच्छ, जोडाक्षर कुठे अडत नाही. त्या प्रसंगाच्या तोंडाशी येऊन ती थांबली. मला वाटलं घसा बसला. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “वहिनी, पुढचं तुम्ही वाचा.” मी वाचलं. बाहेर हायवेवरचे ट्रक जात होते, तेवढाच आवाज.

संपल्यावर पहिलं वाक्य कोण बोलणार असं झालं. शेवटी एकीची सून बोलली. ती रायपूरची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. ती म्हणाली, डिकन्सनं असाच एक दुःखाचा शेवट लिहून नंतर बदलला होता. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी. तीही त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकात, ‘ऑल द इयर राउंड’मध्ये, 1860-61 साली क्रमशः आलेली. नायक पिप, आणि ज्या मुलीवर त्याचा आयुष्यभर जीव, ती एस्टेला. आधी लिहिलेल्या शेवटात दोघांची कित्येक वर्षांनी लंडनच्या रस्त्यात ओझरती गाठ पडते. तिचं दुसरं लग्न झालेलं असतं. दोन शब्द बोलून दोघं आपापल्या वाटेनं जातात. छापण्याआधी डिकन्सनं ते आपल्या लेखकमित्राला, बुल्वर-लिटनला दाखवलं. मित्राला ते रुचलं नाही. मग डिकन्सनं शेवट नव्यानं लिहिला. त्यात एस्टेला एकटी आहे, दोघं हातात हात घेऊन त्या पडक्या बागेतून बाहेर पडतात आणि पुढचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. जुना शेवट लोकांना कळला तो डिकन्स गेल्यावर, त्याचं चरित्र फॉर्स्टरनं लिहिलं तेव्हा.

“म्हणजे आपट्यांनाही बदलता आला असता,” माझी जाऊ लगेच म्हणाली. “एखादा मित्र भेटायला हवा होता.”

झालं, मग वाद पेटला. यमूला वाचवायच्या वाटा जो तो सुचवू लागला. भावानं तिला घेऊन जायचं होतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन होतं की, 1889 साली मुंबईत सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्याला आलं, तिथे घालायचं होतं. रायपूरच्या सुनेनं तर आणखी पुढची गोष्ट सांगितली. ज्या 1893 साली हे पुस्तक आलं, त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा, त्याच शारदा सदनात शिकलेल्या. पुढे त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं, पण संसार झाला, मुलं झाली. म्हणजे चांगला शेवट काही अशक्य नव्हता, त्याच पुण्यात खराखुरा घडत होता.

“पण किती जणींचा?” आधीच शेवट वाचून बसलेली म्हणाली. “एक गोदूबाई. बाकी सगळ्या यमूच.”

मी तिच्या बाजूनं होते आणि आहे. आपट्यांनी यमूला शारदा सदनात पोचवलं असतं तर आपण पुस्तक मिटून, बरं झालं बाई, म्हणत भाजी निवडायला उठलो असतो. पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, आणि बरा शेवट केला असता तर त्या प्रश्नाची गरजच उरली नसती. डिकन्सच्या पिपचं ठीक आहे. त्याचं प्रेम जुळलं काय नि न जुळलं काय, ते त्या दोघांचं. यमूचं तसं नाही.

कुणीतरी म्हणालं, ज्या न्हाव्यानं वस्तरा चालवला त्याचे हात कसे धजावले असतील. तर तेही त्या काळात कुणाच्या मनात आलं होतं. ‘करमणूक’ निघालं त्याच 1890 साली मुंबईतल्या नाभिक लोकांनी सभा भरवून ठरवलं होतं की विधवांचे केस आपण कापायचे नाहीत. हे ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. ज्यांचं त्यावर पोट, त्यांच्या लक्षात आलं होतं.

आणि मग काकूंनी तो प्रश्न टाकला. त्यांना टोचून बोलायचं नव्हतं, त्यांना खरंच पडलेला होता.

“काहून व, आपल्या माताजी नाही का केस उपटत? त्या तर वस्तराही लावत नाहीत, हातानं उपटतात. तेव्हा आपण हात जोडून बसतो, जयजयकार करतो. मग यमूचेच केस गेले तर एवढं रडू काहून?”

तुम्हाला ठाऊकच आहे, डोंगरगड आमच्यापासून फार लांब नाही. सीमा ओलांडून छत्तीसगडात शिरायचं. 18 फेब्रुवारी 2024 ला आचार्यश्री विद्यासागरजींची समाधी तिथल्या चंद्रगिरीवर झाली, तेव्हा तर हा सगळा रस्ता आपल्याच लोकांनी भरलेला होता. एरवीही या हायवेनं संघांचे विहार होतात, आणि आमच्यातल्या बहुतेकींनी आर्यिका माताजींचा केशलोच जवळून पाहिलेला आहे. बोटांना राख लावून, एकेक चिमूट, तोंडावर एक आठी नाही. त्या दिवशी उपवास. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, फार तर चार महिन्यांनी पुन्हा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याच डोक्याला मुंग्या आल्या होत्या.

काकूंच्या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईना. डोकं दोघींचं सारखंच दिसणार. पांढरी साडी तिचीही, लाल आलवण हिचंही, दागिना दोघींच्या अंगावर नाही. एकवेळ जेवण दोघींचं. वरून पाहणाऱ्याला फरक काय दिसणार?

मला सीता आठवली. आपल्या पद्मपुराणातली, रविषेणाचार्यांची. बाहेरच्या रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. आपल्याकडे अग्निपरीक्षेत आगीचं पाणी होतं, राम क्षमा मागतात, घरी चल म्हणतात. म्हणजे हल्लीच्या मालिकांत असतो तसा गोड शेवट तिच्या दारात हजर असतो. महाल आहे, पट्टराणीपद आहे, दोन तरणीबांड मुलं आहेत. आणि ती तिथेच उभ्या उभ्या आपल्या हातानं केस उपटून रामापुढे टाकते. राम मूर्च्छित पडतात. ती पृथ्वीमती आर्यिकेकडे जाऊन दीक्षा घेते. लहानपणी आईनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मला रामाचीच दया आली होती. आता येत नाही.

मी हे सांगितलं. माझ्या जावेनं राजुलमतीची गोष्ट जोडली. नेमिनाथ मांडवाच्या दारातून, कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून परत फिरले, तरी राजुलचं काही अडलं नव्हतं. फेरे झालेले नव्हते. आईबाप म्हणत होते दुसरा वर पाहू. दार उघडं होतं. ती गिरनारला गेली ती ते उघडं दार सोडून गेली. म्हणून तर ती राजुल. दीक्षेआधी घरच्यांची अनुमती घेतात, सगळ्यांची क्षमा मागतात, संघासमोर पुन्हा पुन्हा विचारलं जातं. ते सगळं उगीच नाही. हातातली कात्री आणि हातातले केस एकाच माणसाचे असावे लागतात, असं काहीसं ती म्हणाली. केशलोचाला कात्री नसते, हे मी तिला सांगितलं. पण मुद्दा बरोबर होता.

काकूंना पटलं असं वाटलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे यमूला कोणी विचारलं नाही, एवढंच ना?”

“हो, एवढंच,” मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं असेन. चर्चा छान झाली, आपल्या धर्मातलं उदाहरण बसलं, याचं समाधान वाटत होतं.

तेव्हा माझी नणंद बोलली. ती पोह्यांच्या बशा एकात एक ठेवत होती. वर न बघता म्हणाली, “मलाही कोणी विचारलं नव्हतं. माझे केस राहिले, म्हणून दिसलं नाही.”

बशा घेऊन ती आत गेली. पाच वाजत आले होते. सगळ्या उठल्या.

हे लिहावं की नाही असं आठवडाभर चाललं होतं. तिला विचारलं, ती म्हणाली लिहा, नाव घालू नका. तर ऐका.

बारा वर्षांपूर्वी तिचे मालक गेले. ती चौतिशीची, मूलबाळ नाही. सासरी धाकट्या दिरांचे संसार, म्हणून आमच्याकडे आली. आमचं घर काही शंकरमामंजींचं नव्हतं. तिला कुणी बोललं नाही, कामाला जुंपलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आम्ही तिच्यावर माया केली, आणि सगळं त्या मायेतच झालं. तिला शाळेत शिकवायला जायचं होतं, लग्नाआधी तिनं दोन वर्षं शिकवलं होतं. मी म्हटलं, ताई, आता कशाला ती दगदग, तुम्हाला काय कमी आहे, धर्मात मन लावा. पहिल्याच चातुर्मासात तिला माताजींच्या संघात पाठवलं. बॅग मी भरली. तिनं विचारलं होतं, किती दिवस? मी म्हटलं होतं, मन रमलं तर राहा की तिथेच. माताजींनीच चार महिन्यांनी तिला परत धाडलं. म्हणाल्या, हिला दुःख आहे, वैराग्य नाही, दोन्ही वेगळी असतात. तेव्हा मला ते जरा कमीपणाचं वाटलं होतं, आमच्या घरातून कुणी दीक्षा घेतली असती तर केवढी प्रभावना झाली असती, असं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आणि एक. ती आल्यावर पंधराएक दिवसांनी मी तिचं कपाट लावलं. लाल, हिरव्या, जरीच्या साड्या वरच्या बॅगेत टाकल्या, फिक्या खाली ठेवल्या. तिची एक चांदीची कुंकवाची डबी होती, झाकणावर कमळ. ती घासायला म्हणून उचलली आणि परत ठेवली नाही. ती दिसली तर तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. सासूबाई तेव्हा हयात होत्या, त्याही काही बोलल्या नव्हत्या. मीच.

त्या मंगळवारनंतर दशलक्षण पर्व लागलं, म्हणून वाचन बंद होतं. दहा दिवस पूजा, एकाशन, उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत रोज एक धर्म. पहिल्याच दिवशी माझं चित्त स्थिर नव्हतं. अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी आली. त्या दिवशी आपण काय करतो? सकाळपासून मोबाइलवर फुलांची चित्रं फिरवतो. ‘वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.’ हेच मी नणंदेला बारा वर्षं दर क्षमावाणीला म्हणत आलेय, हात जोडून, आणि ती दर वेळी म्हणते, मलाही क्षमा करा वहिनी. कळत-नकळत. या शब्दाची किती सोय आहे बघा. त्यात सगळं मावतं आणि काहीच सांगावं लागत नाही.

यंदा ती ओट्याशी पाणी गाळत होती. मी मागे उभी राहून म्हटलं, ताई, तुमची शाळा मी बंद केली. तुम्हाला न विचारता संघात पाठवलं. साड्या वर टाकल्या. डबी घेतली. मला क्षमा करा.

तिनं गाळणं पिळलं, जिवाणी घातली. बराच वेळ काही नाही. मला वाटलं रडेल, म्हणजे मलाही रडता येईल. ती म्हणाली, “डबी कुठे आहे?”

सगळं घर पालथं घातलं. सापडली ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, सासूबाईंच्या पूजेच्या भांड्यांत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. काळी पडलेली. आत कुंकवाचा खडा झाला होता. तो तिनं तुळशीच्या कुंडीत टाकला, डबी चिंच लावून घासली, उन्हात ठेवली. आईची होती, म्हणाली. मला तेही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ती सौभाग्याची वस्तू समजत होते, आणि ती तिच्यासाठी आईची वस्तू होती.

आता त्यात लवंगा आहेत. तिच्या उशाशी असते. क्षमेचं ती अजून काही बोललेली नाही, मीही पुन्हा विचारलेलं नाही. पुढच्या मंगळवारी काय वाचायचं ते तिनं ठरवायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय. ती म्हणते पुन्हा हेच वाचू, पण मुंबईच्या भागापासून, आणि या वेळी शेवटपर्यंत तीच वाचेल.